हळदीचा पिवळा दोन स्क्रीनवर दोन तऱ्हेचा दिसतो? फोटो एडिटिंगसाठी ड्युअल मॉनिटर नीट कसा लावायचा

हळदीचे फोटो एडिट करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. नवरीच्या गालाला हळद, अंगावर पिवळी साडी, मागे झेंडूच्या माळा आणि वर मांडवाचं कापडसुद्धा पिवळं, म्हणजे सगळ्या फ्रेममध्ये एकच रंग आणि त्याच्या वीस छटा. असा फोटो एका मॉनिटरवरून ओढून शेजारच्या मॉनिटरवर नेला की इकडे सोनेरी असलेला पिवळा तिकडे लिंबासारखा हिरवट होतो. मग खरा कुठला? दुसरा मॉनिटर आणल्यावर पहिल्याच दिवशी हा प्रश्न पडतो आणि बरेच जण तो तसाच सोडून देतात, दोन्ही स्क्रीन चालू आहेत ना, झालं मग.

मी लग्नाचे अल्बम करतो. चार वर्षांपूर्वी दुसरा मॉनिटर घेतला तेव्हा मीही तेच केलं होतं, नवा मोठा समोर, जुना बाजूला, आणि जो मोकळा असेल त्याच्यावर फोटो उघडायचा. एका लग्नाची हळदीची अर्धी शीट एका स्क्रीनवर झाली, अर्धी दुसऱ्यावर. अल्बम छापून आला तर पहिल्या चार शीटांत नवरीचा चेहरा गव्हाळ आणि पुढच्या चारांत तोच चेहरा कावीळ झाल्यासारखा. नवरीच्या आईंनी पान उलटलं, परत मागे गेल्या, परत पुढे आल्या आणि मला विचारलं, "दादा, हे दोन वेगळ्या दिवशीचे फोटो आहेत का?" आठही शीट माझ्या खर्चाने परत छापून दिली. छपाईत काही चूक नव्हती, लॅबने मी पाठवलं तेच छापलं होतं.

तेव्हापासून माझ्या टेबलावर एक नियम आहे आणि खालचं सगळं त्याच्याभोवतीच फिरतं: रंगाचा निकाल एकाच स्क्रीनवर लागणार. दुसरी स्क्रीन कामाला आहे, टूल ठेवायला, फोटो निवडायला, पूर्ण शीट बघायला, पण स्किन टोन कसा आहे हे तिला विचारायचं नाही. पुढे पहिल्या स्क्रीनला मेन म्हणतो आणि दुसरीला साईड.

मॉनिटर कुठला घ्यायचा

दोन सारखे मॉनिटर घ्यायची गरज नाही. तेवढेच पैसे एका चांगल्या मेनमध्ये घाला आणि घरात असलेला जुना साईडला लावा. मेन मात्र आयपीएस पॅनलचाच हवा, म्हणजे बाजूने बघितलं तरी रंग फारसा न बदलणारा, आणि त्याच्या माहितीत एसआरजीबी (स्क्रीन आणि फोटोंसाठी सर्रास वापरला जाणारा रंगांचा संच) ९९ किंवा १०० टक्के लिहिलेलं हवं. जुने स्वस्त मॉनिटर आणि बरेचसे जुने लॅपटॉप टीएन पॅनलचे असतात. ओळखायचं कसं, तर स्क्रीनभर मध्यम राखाडी रंग उघडा आणि खुर्चीवरून थोडं उठा, परत खाली बसा. राखाडी वरून फिकट आणि खालून गडद होत असेल तर तो टीएन, त्याच्यावर रंग ठरवणं म्हणजे मान किती वाकवली त्याच्यावर रंग ठरवणं.

साईझचं म्हणाल तर २४ इंचाला फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८० चालतं. २७ इंच घेणार असाल तर फुल एचडी नको, पिक्सेल मोठे दिसतात आणि शार्पनेसचा अंदाज चुकतो, तिथे २५६० बाय १४४० घ्या. फोरके छान दिसतं पण लाईटरूमला, म्हणजे फोटो निवडायच्या आणि एडिट करायच्या सॉफ्टवेअरला, तेवढे पिक्सेल दर स्लायडरला परत काढावे लागतात, साधं ग्राफिक्स कार्ड असेल तर काम रेंगाळतं.

वाईड गॅमटवाले, म्हणजे एसआरजीबीपेक्षा जास्त रंग (ॲडोबी आरजीबी किंवा पी३) दाखवणारे मॉनिटर दुकानात फार आकर्षक दिसतात. पण कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राने मोजून स्क्रीनचे रंग बरोबर लावणं, करायची तयारी नसेल तर ते घेऊ नका. ज्या प्रोग्रामला कलर मॅनेजमेंट, म्हणजे फाईलचे रंग स्क्रीनप्रमाणे जुळवून दाखवणं, कळत नाही त्याच्यात अशा स्क्रीनवर सगळं भडक दिसतं, मग आपण सॅच्युरेशन कमी करत बसतो आणि छापील फोटो मलूल येतो.

जुना टीव्ही साईडला लावायचा विचार बरेच जण करतात. चालतो, पण टीव्हीच्या मेनूत जाऊन शार्पनेस कमी करा आणि ओव्हरस्कॅन बंद करा, नाहीतर फोटोच्या कडा कापल्या जातात आणि केसांभोवती पांढरी रेघ दिसते जी फोटोत नसतेच.

टेबल आणि खोली

मेन मॉनिटर बरोबर नाकासमोर, हात लांब केला की बोटं स्क्रीनला जेमतेम टेकतील एवढ्या अंतरावर, वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली. दोन्हीच्या मधली फट नाकासमोर येईल असं कधीच ठेवू नका, दिवसभर मान एका बाजूला वळून राहते आणि संध्याकाळी खांदा भरून येतो. साईडचा मॉनिटर ज्या हातात माऊस नाही त्या बाजूला, थोडा आपल्याकडे वळवून, पुस्तक अर्धवट उघडल्यासारखा.

टेबल दोन फुटांपेक्षा कमी खोल असेल तर स्टँड जागा खातात, तिथे मॉनिटर आर्म उपयोगी पडतो. घ्यायच्या आधी मॉनिटरच्या पाठीवर चार स्क्रूची भोकं आहेत का बघा, ती ७५ बाय ७५ किंवा १०० बाय १०० मिलिमीटरवर असतात. काही स्वस्त मॉनिटरना ती नसतातच.

आता उजेड. ह्याच्याकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात आणि फरक मात्र सगळ्यात जास्त ह्याचा पडतो. खिडकी पाठीमागे असेल तर काचेवर चकाकी, समोर असेल तर डोळे दिपतात, खिडकी बाजूला हवी आणि तिला जाड पडदा हवा. दुपारी चारला आणि रात्री दहाला खोलीत साधारण सारखाच उजेड राहिला पाहिजे. पिवळा बल्ब काढा, ६५०० केल्विनची साधी पांढरी ट्यूब लावा, ती थेट स्क्रीनवर पडू देऊ नका. समोरची भिंत गुलाबी किंवा पोपटी असेल तर निदान मॉनिटरमागचा भाग राखाडी करून घ्या. डेस्कटॉपचा वॉलपेपरसुद्धा साधा राखाडी ठेवा, लाल सूर्यास्ताच्या शेजारी बघितलेला चेहरा डोळ्याला हिरवा वाटतो.

केबल

डेस्कटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर दोन्ही केबल त्या कार्डातच लावा. सीपीयूच्या मागे वर, यूएसबीच्या शेजारी एक एचडीएमआय असतो तो मदरबोर्डचा, त्यात लावलं की एकतर डिस्प्ले येतच नाही नाहीतर कार्ड असून त्याचा पूर्ण फायदा मिळत नाही.

डिस्प्लेपोर्ट असेल तर मेनला डिस्प्लेपोर्ट द्या, एचडीएमआय साईडला. व्हीजीए, ती निळ्या टोकाची स्क्रूवाली केबल, ॲनालॉग असते, मेनला लावू नका, बारीक अक्षरं आणि पापण्या किंचित पुसट दिसतात. फोरकेसाठी एचडीएमआय किमान २.० पाहिजे, १.४ वर फोरके फक्त ३० हर्ट्झला चालतं आणि माऊस ओढल्यासारखा हलतो. लॅपटॉपच्या यूएसबी सी मधून मॉनिटर चालवायचा असेल तर त्या पोर्टला डिस्प्लेपोर्ट आल्ट मोड आहे का ते आधी बघा, प्रत्येक सी पोर्टमधून चित्र येत नाही. मॅकबुक एअरवाल्यांनी हे लक्षात ठेवा की एम१ आणि एम२ ला बाहेरचा एकच मॉनिटर चालतो, तुमचा दुसरा मॉनिटर म्हणजे लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन.

एचडीएमआयची एक खोडी सांगतो, माझे दोन दिवस ह्यात गेलेत. साईडच्या मॉनिटरवर काळा रंग काळा दिसतच नव्हता, राखेसारखा दिसायचा, आणि मी ब्राईटनेस-कॉन्ट्रास्ट फिरवत बसलो. कारण एवढंच होतं की कार्ड त्या मॉनिटरला टीव्ही समजून लिमिटेड रेंज पाठवत होतं, म्हणजे ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये चेंज रेझोल्यूशनमध्ये खाली आउटपुट डायनॅमिक रेंज आहे, तिथे फुल करा. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये पिक्सेल फॉरमॅटमध्ये आरजीबी ४:४:४ फुल निवडा.

विंडोजमध्ये

डेस्कटॉपवर राईट क्लिक, डिस्प्ले सेटिंग्ज. तिथे १ आणि २ असे दोन चौकोन दिसतात, आयडेंटिफाय दाबा म्हणजे स्क्रीनवर मोठे आकडे येतात. चौकोन माऊसने पकडून टेबलावर जसे मॉनिटर आहेत तसेच लावा, वरखालीसुद्धा जुळवा, नाहीतर माऊस एका स्क्रीनवरून दुसरीवर जाताना मध्येच अडकतो.

खाली मल्टिपल डिस्प्लेजमध्ये एक्स्टेंड निवडा. डुप्लिकेट नको. मग मेन मॉनिटरच्या चौकोनावर क्लिक करून मेक धिस माय मेन डिस्प्ले वर टिक. रेझोल्यूशन दोन्हीला जिथे रेकमेंडेड लिहिलंय तेच ठेवा, अक्षरं बारीक वाटली तर रेझोल्यूशन कमी करू नका, स्केल वाढवा. २४ इंच फुल एचडीला १०० टक्के, २७ इंच फोरकेला १५० टक्के बरं पडतं.

नंतर नाईट लाईट बंद, एचडीआर बंद. मॅकवर नाईट शिफ्ट आणि ट्रू टोन बंद. नाईट लाईटला वेळ लावलेली असेल तर ते आपोआप संध्याकाळी चालू होतं, आणि रात्री केलेले सगळे फोटो सकाळी निळे दिसतात, असे फोन मला दर सीझनला येतात.

एक शॉर्टकट पाठ करून ठेवा, विंडोज आणि शिफ्ट दाबून डावा किंवा उजवा बाण, उघडी विंडो थेट दुसऱ्या मॉनिटरवर उडी मारते.

रंग जुळवणं

इथे घाई करू नका. आधी दोन्ही मॉनिटर अर्धा तास चालू ठेवा, गरम झाल्याशिवाय रंग स्थिर होत नाहीत. मॉनिटरच्या बटणांनी आतला मेनू उघडा, रीसेट करा आणि हे सगळं बंद करा: डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, इको मोड, लो ब्लू लाईट किंवा आय केअर, व्हिव्हिड, गेम, सिनेमा. कलर मोड कस्टम किंवा यूजर ठेवा, कॅलिब्रेटर नसेल तर एसआरजीबी मोड.

कॅलिब्रेटर म्हणजे स्क्रीनवर टेकवून ठेवायचं छोटं यंत्र, स्पायडर किंवा कॅलिब्राईटचं. एकट्याला घ्यायला महाग वाटतं, पण ते महिन्याला एक तास लागतं, आम्ही तिघा फोटोग्राफरनी मिळून एक घेतलंय आणि ते आळीपाळीने फिरतं. वायरवर एक वजन असतं ते मॉनिटरच्या मागे सोडायचं, मॉनिटर किंचित मागे कलता करायचा म्हणजे यंत्र काचेला सपाट चिकटतं. कडेने उजेड आत शिरायला नको, खोलीतली ट्यूब बंद करा.

सॉफ्टवेअर तीन आकडे विचारतं. व्हाईट पॉईंट, म्हणजे पांढरा किती पिवळट किंवा निळसर दिसावा, डी६५ म्हणजे ६५०० केल्विन. गॅमा, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेड कसा चढत जातो, २.२. आणि ब्राईटनेस, जो कॅन्डेला पर स्क्वेअर मीटरमध्ये असतो, छपाईच्या कामासाठी ८० ते १२०, मी १०० धरतो. नवे मॉनिटर कारखान्यातून २५० च्या आसपास येतात, म्हणून तर "स्क्रीनवर छान होता आणि छापून काळा आला" ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. फोटो काळा येत नाही, आपली स्क्रीन अडीच पट उजळ असते आणि आपणच तो गडद करून पाठवतो.

मेन आधी करा, मग त्याच आकड्यांवर साईड. जुना मॉनिटर थकला असेल तर तो १०० पर्यंत पोचत नाही, समजा ८५ ला अडकला, तर मेनसुद्धा ८५ वर आणून परत करा. दोन्ही सारखे उजळ असणं डोळ्याला जास्त महत्त्वाचं आहे, कारण एक स्क्रीन उजळ असली की डोळा तिच्याशी जुळवून घेतो आणि दुसरी मळकट वाटायला लागते.

आकडे सारखे आले तरी दोन कंपन्यांचे पॅनल शंभर टक्के सारखे दिसणार नाहीत, बॅकलाईटच वेगळे असतात. ते मान्य करा. फारच खटकत असेल तर मेनला हात न लावता साईडच्या मेनूतला लाल-हिरवा-निळा दोन-दोन पॉईंटने फिरवून जवळ आणा आणि मग साईडचं प्रोफाईल (कॅलिब्रेशननंतर बनणारी, त्या मॉनिटरचे रंग कसे आहेत ते सांगणारी फाईल) परत बनवा.

प्रोफाईल योग्य मॉनिटरला लागलंय ना ते तपासा. स्टार्टमध्ये कलर मॅनेजमेंट शोधा, डिव्हाईसमध्ये डिस्प्ले १ निवडा, यूज माय सेटिंग्ज वर टिक, खाली प्रोफाईलचं नाव बघा, मग डिस्प्ले २. दोन्ही मॉनिटर एकाच मॉडेलचे असतील तर अदलाबदल व्हायची दाट शक्यता, म्हणून प्रोफाईलच्या नावातच मेन, साईड आणि तारीख घाला. प्रोफाईल बदललं की फोटोशॉप आणि लाईटरूम बंद करून परत उघडा. आणि फोटोची विंडो अर्धी इकडे अर्धी तिकडे ठेवून रंग बघू नका, तेव्हा एकाच मॉनिटरचं प्रोफाईल दोन्हीकडे लागलेलं असतं.

कॅलिब्रेटर नाहीच तर लॅबकडून आपल्याच एका फोटोची ८ बाय १२ ची प्रिंट काढून आणा, फोटोत चेहरा हवा, पांढरं आणि काळं काहीतरी हवं, आणि हळदही असू दे. ती फाईल न बदलता मेनवर उघडा, प्रिंट शेजारी ट्यूबच्या उजेडात धरा आणि प्रिंटच्या बरोबरीला येईपर्यंत मॉनिटरचा ब्राईटनेस खाली आणा. बहुतेक ठिकाणी तो २० ते ३५ वर येऊन थांबतो. पहिले दोन दिवस स्क्रीन अंधारी वाटेल, मग सवय होते. त्यानंतर साईड मेनशी जुळवा, आधी ब्राईटनेस, मग कलर टेंपरेचर, शेवटी लाल-हिरवा-निळा.

लाईटरूम

लाईटरूम क्लासिकमध्ये खाली फिल्मस्ट्रिपच्या वर डावीकडे १ आणि २ अशा दोन छोट्या स्क्रीन असतात. २ वर क्लिक करा किंवा एफ११ दाबा, साईडवर दुसरी विंडो उघडते. शिफ्ट जी दाबलं की तिथे ग्रिड, शिफ्ट ई दाबलं की एक मोठा फोटो.

एका लग्नाचे तीन-चार हजार फोटो निवडायचे असतात तेव्हा ह्याची खरी मजा. मेनवर लायब्ररीत ग्रिड, साईडवर लूप (म्हणजे एकच मोठा फोटो) आणि त्यात वर लाईव्ह निवडा, आता ग्रिडमध्ये माऊस ज्या फोटोवर जाईल तो साईडवर मोठा दिसतो, क्लिकसुद्धा नको. अंतरपाट दूर झाल्यावरच्या क्षणाचे पंचवीस फोटो असतात, त्यात कुणाचे डोळे मिटलेत, कुणाच्या चेहऱ्यावर अक्षता आडव्या आल्यात, हे सरसर कळतं. डोळे मिटलेत का, फोकस आहे का, हे साईडला विचारायला हरकत नाही.

डेव्हलपमध्ये, म्हणजे लाईटरूमच्या एडिटिंगच्या भागात, आलं की मेनवर फोटो आणि स्लायडर, साईडवर ग्रिड, म्हणजे पुढचे-मागचे फोटो दिसत राहतात. पण इथेच सगळे फसतात, साईडच्या ग्रिडमधल्या फोटोशी मेनवरच्या फोटोचा स्किन टोन जुळवायला जातात. ते करू नका. त्यासाठी डेव्हलपमध्ये शिफ्ट आर दाबा, रेफरन्स व्ह्यू उघडतो, एका बाजूला ठरवलेला फोटो, दुसऱ्या बाजूला चालू फोटो, दोन्ही मेनवरच. माझी ती आठ शीट ह्या एका बटणाने वाचली असती.

दुसरी विंडो उघडी असली की मशीन जरा जड होतं, ८ जीबी रॅम असेल तर डेव्हलप करताना एफ११ ने ती बंद करा.

फोटोशॉप

पॅनल नावाला पकडून ओढायची आणि साईडवर सोडायची. पण सगळी नेऊ नका. लेयर्स आणि ॲडजस्टमेंट दर मिनिटाला लागतात, ती मेनवरच ठेवा, मान वळवायचे कष्ट वाचतात. ॲक्शन्स, हिस्टरी, नॅव्हिगेटर, ब्रिज, पीएनजीचं फोल्डर, क्लायंटने व्हॉट्सॲपवर पाठवलेली यादी, हे सगळं साईडला. मग विंडो, वर्कस्पेस, न्यू वर्कस्पेस करून नाव देऊन सेव्ह करा.

सगळ्यात कामाची युक्ती ही: विंडो मेनूत अरेंज, त्यात न्यू विंडो फॉर आणि पुढे फाईलचं नाव. एकच फाईल दोन विंडोत उघडते. मेनवर २०० टक्के झूम करून चेहरा साफ करा, साईडवर तीच फाईल पूर्ण. १२ बाय ३६ चं शीट ३०० डीपीआयला १०८०० बाय ३६०० पिक्सेल होतं, झूम केल्यावर आपण कुठल्या कोपऱ्यात आहोत ते कळत नाही, साईडवर प्रत्येक फटकारा पूर्ण शीटमध्ये कसा दिसतोय ते लगेच दिसतं. रिटच जास्त झालं, चेहरा प्लास्टिकसारखा झाला, हे तिथेच आधी कळतं.

पेन टॅबलेट वापरत असाल तर दुसरा मॉनिटर लावल्या लावल्या तो बिघडल्यासारखा वाटेल, गोल काढला की आडवा अंडाकृती येईल. टॅबलेट दोन्ही स्क्रीनवर पसरलेला असतो. वॅकॉमच्या सेटिंगमध्ये मॅपिंगमध्ये जाऊन स्क्रीन एरिया फक्त मेन मॉनिटर करा आणि फोर्स प्रपोर्शन्सवर टिक करा.

फ्री सॉफ्टवेअरवाल्यांसाठी, गिंपमध्ये व्ह्यू मेनूत न्यू व्ह्यू आहे, ते हेच काम करतं, आणि डार्कटेबलच्या डार्करूममध्ये दुसरी प्रिव्ह्यू विंडो उघडायचं बटण आहे.

लॅबला पाठवायच्या आधी

लॅबकडे त्यांच्या कागदाचं आयसीसी प्रोफाईल, म्हणजे त्या कागदावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाईल, मागा, चांगल्या लॅब देतात. फोटोशॉपमध्ये व्ह्यू, प्रूफ सेटअप, कस्टम, तिथे ते निवडा. मग कंट्रोल वाय ने छापल्यावरचा रंग मेनवर बघा, आणि शिफ्ट कंट्रोल वाय दाबलं की जे रंग कागदावर बसत नाहीत ते राखाडी होतात. हळदीचा भडक पिवळा, झेंडूचा केशरी आणि राणी कलरचा शालू, हे तीन हमखास राखाडी होणार. तिथे पूर्ण फोटोचं सॅच्युरेशन खाली आणू नका, ह्यू सॅच्युरेशनमध्ये तेवढाच रंग निवडून थोडा कमी करा, चेहरा तसाच राहतो आणि साडीची घडी परत दिसायला लागते. लॅबने प्रोफाईल दिलं नाही तर एसआरजीबीमध्येच जेपेग पाठवा.

कॅलिब्रेशन दर महिन्याला परत करायचं, मी एक तारखेला करतो. झालं की ती ८ बाय १२ ची प्रिंट पाकिटातून काढतो आणि मेनवरच्या फाईलशेजारी धरतो. प्रिंट पाकिटात, कपाटात, उन्हापासून लांब ठेवा, भिंतीवर चिकटवली तर वर्षभरात तीच उडून जाते. आणि दोन्ही मॉनिटर सीपीयूबरोबर यूपीएसवरच असू द्या, नुसता सीपीयू यूपीएसवर ठेवला तर लाईट गेल्यावर फाईल उघडी असते पण सेव्ह करायला स्क्रीनच नसते.